गाडी बाजूला घ्या

पुण्यात दुचाकी किंवा मोटार चालवणाऱ्या माणसाला वाहतूक पोलिसांविषयी विचारले, की तो प्रथम दंडाचा आकडा सांगतो आणि खरी तक्रार मागाहून हळूहळू बाहेर येते. ती बहुतेक वेळा पैशांची नसते. नातेवाइकांकडून, कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून आणि सोसायटीच्या कट्ट्यावर असे इतके किस्से ऐकून झाले आहेत, की आता कोणी सांगू लागले म्हणजे मी आधी एवढेच विचारतो, की तो पोलीस चूक होण्याच्या जागेच्या अलीकडे उभा होता की पलीकडे. उत्तरावरून पुढचा किस्सा कोणत्या वळणाने जाणार, याचा अंदाज सहसा येतो.

शनिवारवाड्याकडून स्वारगेटला जाताना शिवाजी रस्ता धरायचा आणि परतताना बाजीराव रस्त्याने यायचे, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांचेही तसेच. परगावच्या माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. पेठांमधल्या ज्या बोळात तो शिरतो, त्याच्या तोंडाशी लावलेला प्रवेशबंदीचा फलक कधी वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेलेला असतो, तर कधी टेम्पोआड. बोळाच्या त्या तोंडाशी कोणीही नसते. दुसऱ्या टोकाला मात्र, गाडी मागे घेणे अशक्य झाल्यावर, भिंतीच्या सावलीतून एक हात पुढे येतो.

माझे साडू लातूरहून मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी आले होते आणि त्यांची गाडी अर्थातच एमएच २४ पासिंगची. अशाच एका बोळातून बाहेर पडताना त्यांना थांबवण्यात आले. काच खाली करण्याची खूण झाली, त्यांनी काच खाली केली, आणि पहिला शब्द बोलण्याच्या आधी खिडकीतून आत आलेल्या हाताने चावी काढून घेतली. मग वाक्य आले : “नो एन्ट्रीतून आलात. पाच हजारांचं काम आहे. कोर्टात जाणार, की इथंच मिटवायचं?” मागच्या आसनावर मुलगी मूळ प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन सारखे घड्याळ पाहत होती, आणि ते त्या पोलिसालाही दिसत होते. शेवटी हजार रुपयांवर मिटले. साडूंनी पावती मागितली तेव्हा “पावती हवी असेल तर पूर्ण भरा” असे उत्तर मिळाले, आणि चावी बॉनेटवर ठेवली गेली.

यातली चावी काढून घेण्याची कृती मला हजार रुपयांपेक्षा अधिक खटकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलिसाने मागितल्यास वाहनपरवाना दाखवणे चालकावर बंधनकारक आहे, आणि परवाना ताब्यात घ्यायचा झाला तर कलम २०६ नुसार त्याची पोच द्यावी लागते. परंतु गाडीची चावी हिसकावण्याचा अधिकार या कायद्यात कोठेही दिलेला नाही. पाच हजारांचा आकडाही हवेतला होता. डिसेंबर २०२१ पासून राज्यात जे वाढीव दंड लागू झाले, त्यांत पाच हजार रुपये विनापरवाना वाहन चालवणाऱ्याला आहेत. एकेरी मार्गात चुकून शिरलेल्या आणि खिशात वैध परवाना असलेल्या माणसाशी त्या रकमेचा काही संबंध नव्हता. चालकाला दंडाचे दर पाठ नसतात, हे गृहीत धरूनच तो आकडा उच्चारला जातो.

मी त्यांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवायला सांगितले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, मात्र ती दबावाखाली द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर त्याला संरक्षण मिळते, हेही समजावून सांगितले. “ॲडमिशन झालं ना, सुटलो आम्ही,” एवढेच ते म्हणाले. परगावच्या गाडीला अडवण्यातला हिशेब नेमका हाच असतो : त्या माणसाला संध्याकाळी आपल्या गावी परतायचे असते. अर्थात सगळा दोष एका बाजूचा नाही. “मामा, बघा ना काहीतरी” हे वाक्य पोलिसाने दंडाची पावती काढायचे मशिन हातात घेण्याआधीच उच्चारणारे आपल्यातही पुष्कळ आहेत, आणि पावती मागून पूर्ण दंड भरणाऱ्याला मित्रमंडळीत खुळा समजणारे त्याहून अधिक.

आता उलट बाजू. माझ्या कचेरीजवळच्या एका एकेरी गल्लीच्या तोंडाशी काही महिने एक वयस्क हवालदार उभे राहत असत. त्यांची शिट्टी बहुधा खिशात असे. चुकीच्या बाजूने कोणी आत वळू लागले, की ते एक पाऊल पुढे येत, तर्जनी हवेत गोल फिरवून ‘मागे’ अशी खूण करत आणि चालक गोंधळलेला दिसला तर “पुढच्या चौकातून डावीकडे जा, तिथून मोकळा रस्ता आहे” असे सांगत. हुज्जत घालणाऱ्याशीही त्यांचा आवाज चढत नसे. ते फक्त जागचे हलत नसत. ते तेथे असेपर्यंत त्या गल्लीत उलट्या बाजूने वाहन येणे जवळपास थांबले होते. पुढे त्यांची बदली झाली आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दोन जण उभे राहू लागले. आता तेथे दंडाच्या पावत्या रोज निघतात आणि चुकीच्या बाजूने येणारी वाहनेही रोज येतात. वाहतूक शाखेच्या ज्या बातम्या छापून येतात त्यांत किती जणांवर कारवाई झाली याचा आकडा असतो. परत फिरवलेल्या वाहनांची नोंद ठेवायला कोणाकडे रकानाच नाही. त्या हवालदारांच्या कामाचे मोजमाप त्यांच्या वरिष्ठांनी कशावरून केले असेल, हे कुतूहल मला अजूनही आहे.

अडवणे हा उपकारही असू शकतो. माझ्या पत्नीला नळ स्टॉपजवळ एका महिला पोलिसाने हात दाखवून थांबवले, तेव्हा तिने सवयीने पर्समधून परवाना काढायला सुरुवात केली. “लायसन राहू द्या ताई, आधी ओढणी आवरा,” असे म्हणत त्या बाई खाली वाकल्या आणि मागच्या चाकापाशी लोंबणारे टोक त्यांनी अलगद सोडवून तिच्या हातात दिले. टोकावर वंगणाचा काळा पट्टा उमटला होता. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या पट्ट्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

रात्रीच्या नाकाबंदीबद्दलचे माझे मत तर बरेच बदलले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्यानंतर मद्यपी चालकांच्या तपासणीविषयी शहरात पूर्वी जी कुरकुर चालत असे, तिचा सूर उतरला. एका रात्री पाहुण्यांना स्टेशनवर सोडून परतताना मला थांबवण्यात आले. रस्त्यावर अडथळे बऱ्याच अलीकडे, उजेडात आणि दुरून दिसतील असे लावले होते, त्यामुळे करकचून ब्रेक लावण्याची वेळ आली नाही. उपनिरीक्षक बाईंनी प्रथम नमस्कार केला, मग तपासणी कशाची आहे ते सांगितले. त्यांच्या सोबतच्या शिपायाने प्लास्टिकचे पाकीट माझ्यासमोर फाडून नवी नळी यंत्राला लावली आणि “लांब फुंका, मी थांबा म्हणेपर्यंत” असे सांगितले. आकडा आल्यावर त्याने यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. शून्य होते. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे, हे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक नसलेल्या माणसालाही आपल्याशी काय केले जात आहे, हे त्या मिनिटभरात नीट कळले असते. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला दुसऱ्या ठिकाणी नळी न बदलता फुंकायला सांगितले गेले. त्याने नवी नळी मागताच “जास्त शहाणपणा करू नका” असे ऐकून घ्यावे लागले. यंत्र एकच, नियम एकच, आणि अनुभव मात्र दोन टोकांचे.

कागदपत्रांबाबतही असाच गोंधळ चालू असतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधील परवाना व नोंदणीपत्र ग्राह्य धरावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ पासून स्पष्ट आहे. तरुण पोलीस तो पडदा पाहून लगेच मान हलवतात. जुन्या पठडीतील काही जण अजूनही “मोबाइलमधलं चालत नाही, ओरिजिनल दाखवा” म्हणतात. अशा वेळी वाद न घालता नियम १३९ चे नाव शांतपणे घ्यावे. कायद्याचा आकडा ऐकला की संभाषणाचा सूर पुष्कळदा बदलतो, असा माझा अनुभव आहे. ॲपऐवजी गॅलरीत ठेवलेले छायाचित्र दाखवणाऱ्याला मात्र हा आधार मिळत नाही.

हेल्मेटविषयी लिहिणे म्हणजे पुण्यात भांडण ओढवून घेणे आहे, तरी थोडे लिहितो. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्तीची जोरदार कारवाई सुरू झाली आणि तिच्याविरुद्ध आंदोलनेही झाली. आंदोलकांचा मूळ मुद्दा मला कधीच पटला नाही. डोके आपलेच असते. पण त्या काळात एक तक्रार रास्त होती आणि ती आजही आहे. विनाहेल्मेट दुचाकीस्वार दिसताच काही पोलीस रस्त्याच्या मधोमध धावत येतात. तो स्वार बिचकून वळतो, मागचा त्याच्यावर आदळता आदळता वाचतो, आणि ५०० रुपयांच्या दंडासाठी दोघांची हाडे पणाला लागतात. सिग्नलला थांबलेल्या वाहनांजवळ चालत जाऊन हेच काम होऊ शकते, आणि चांगले पोलीस ते तसेच करतात.

कॅमेरा तर नेहमी चुकीच्या पलीकडेच उभा असतो. त्याच्याशी तोडपाणी होत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याला काही विचारताही येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायला हवी. प्रत्यक्षात ती आरटीओकडे नोंदवलेल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर जाते आणि गाडी विकायला काढल्यावर दंडांची लांबलचक यादी समोर येते. माझ्या स्कूटरवर हडपसर भागातला एक दंड असाच निघाला होता. छायाचित्रातली गाडी वेगळ्या रंगाची होती आणि क्रमांकातला शेवटचा आकडा तीन होता की आठ, हे चिखलामुळे कळत नव्हते. मध्यंतरी पोलीस स्वतःच्या खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढून सवडीने दंड टाकत असल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांना त्याविरुद्ध परिपत्रक काढावे लागले. अडवून, समोर उभे राहून, काय चुकले ते सांगून दंड करण्यात जो खुलेपणा आहे, तो अशा चोरट्या छायाचित्रात नसतो.

हडपसरच्या त्या दंडाचे प्रकरण मिटले ते चौकातल्या थांबवण्यामुळेच. नियमित तपासणीत हवालदाराच्या मशिनवर तो प्रलंबित दंड दिसला. मी छायाचित्र उघडण्याची विनंती केली, त्याने ते मोठे करून पाहिले, माझ्या स्कूटरच्या पाटीशी ताडून पाहिले आणि “ही तुमची गाडी नाही, हे भरू नका, ॲपवर तक्रार टाका” असे सांगितले. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर मी नोंदणीपत्राचे, मागच्या पाटीचे आणि गाडीचा पूर्ण रंग दिसेल असे बाजूचे छायाचित्र जोडले, आणि दंड रद्द झाला. ज्यांच्यावर असा चुकीचा दंड आहे त्यांनी लोकअदालतीत सवलतीने भरून मोकळे होण्याची घाई करू नये, कारण एकदा पैसे भरले की दंड मान्य केल्यासारखेच होते. आधी छायाचित्र उघडून पाहावे, आणि तक्रारीत बाजूचे छायाचित्र जोडायला विसरू नये. पाटीवरचा आकडा वाचता आला नाही, तरी रंगाबद्दल वाद घालायला जागा राहत नाही.