लाक्कासुओच्या दलदलीत दोन बर्च, एक टेप आणि लाखभर डास

जुलैत तीन दिवस फिनलंडमधल्या लाक्कासुओला जाऊन आलो, ओरिवेसीजवळची पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदल आहे ही. १९६१ मध्ये साधारण अर्ध्या भागात चर खणून पाण्याचा निचरा केला आणि उरलेला भाग तसाच ओला ठेवला, म्हणजे एका बाजूला रांगेत उभं जंगल आणि शंभरेक पावलं गेलं की खुरटी पाइनं न् शेवाळं. हेलसिंकीहून टांपेरे आणि तिथून ओरिवेसी ट्रेनने होतं, पण पुढच्या गाड्या मोजक्याच असतात, टाइमटेबल बघूनच निघा.

मला बघायचं होतं की निचऱ्याच्या जमिनीत राउदुसकोइवु (चंदेरी बर्च) जास्त वाढतो का हिएसकोइवु (लवदार बर्च). पुस्तकात सोपं असतं, राउदुस उंच आणि झपाट्याने वाढणारा, हिएसला पाय ओले चालतात. प्रत्यक्षात पीटवर जिकडेतिकडे हिएसच, राउदुस शोधायला कडेच्या साध्या मातीच्या उंचवट्यावर जावं लागलं, आणि मग तुलना झाडांची राहतच नाही, जमिनीची होते! त्यामुळे जिथे पीटचा थर पातळ आहे आणि दोघं शेजारी उभे आहेत अशीच जागा हुडका.

पहिला दिवस तर माझा वायाच गेला. चराच्या काठाने चालणं सोपं म्हणून तिथलीच झाडं मोजत सुटलो, संध्याकाळी लक्षात आलं की काठावर पाणी लवकर उतरतं आणि उजेडही जास्त, म्हणून तिथलं झाड जाडच असणार. दोन चरांच्या मधोमध गेलं की तोच हिएस बारीक. चरापासूनचं अंतर प्रत्येक झाडापुढे लिहाच.

दुसरी गंमत म्हणजे निचरा झाला की पीट खाली बसतं आणि मुळं उघडी पडतात, झाड अक्षरशः पायांवर उभं दिसतं. मग छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवरचा घेर मोजताना ती उंची कुठून धरायची? मी मुळं जिथे खोडाला मिळतात तिथून धरली, तुम्ही काहीही धरा पण सगळीकडे एकच धरा.

ओळख पटवताना फांदीला हात लावून बघा, राउदुसची कोवळी काडी खरखरीत, बारीक पुटकुळ्या असलेली आणि हिएसची लवदार. पानाचे दातेही राउदुसचे दुहेरी असतात. पण बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांवर विसंबू नका, राउदुसची लहान रोपंसुद्धा लवदार असतात, मी चार झाडं अशी चुकीची लिहिली होती.

हिएस खुरटा दिसला म्हणून जातीला नावं ठेवायची घाई नको, पीटमध्ये नत्र बऱ्यापैकी असतं पण स्फुरद-पालाश कमी, म्हणून तिकडे लाकडाची राख टाकतात.

गमबूट गुडघ्यापर्यंतचे घ्या, जुने चर शेवाळाने भरलेत आणि वरून घट्ट जमीन वाटते, माझा एक पाय मांडीपर्यंत गेला. डासांची जाळी हवीच. जंगलात फिरायला, बेऱ्या तोडायला परवानगी लागत नाही, पण खोडाला भोक पाडून वलयं काढायची असतील तर मालकाला विचारावं लागतं, आणि बर्चचं खोड त्या भोकातून सडायला लागतं, शिवाय वलयं इतकी पुसट की घासून भिंग लावल्याशिवाय मोजता येत नाहीत. मी टेपवरच भागवलं.