सूर्यघड्याळ: शेवटी काठी तिरकी केली

सुटलं एकदाचं! म्हणजे अर्धं सुटलं. उरलेल्या अर्ध्याने काल रात्रीपासून नवा ताप दिलाय, त्यावर शेवटी येते.

मागची नोंद 'खुणा परत सरकल्या, थोरली रुसली' इथे थांबली होती. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पुण्यातली आमची गच्ची, थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा, दोघंही शाळेत जात नाहीत. 'घड्याळं नव्हती तेव्हा लोक जेवायला कधी बसायचे?' या थोरलीच्या प्रश्नातून हे प्रकरण सुरू झालं. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून मीटरभर काठी ओळंब्यात उभी केली. ती आमची शंकू, म्हणजे सूर्यघड्याळाची सावली पाडणारी काठी. भोवती फरशीवर ऑइलपेंटने दर तासाची सावली आखली. फेब्रुवारीत घड्याळ झकास चाललं. दुधाची पिशवी आणायला 'सावली निळ्या रेघेवर आली की जा' असा हुकूम निघायचा.

मग मार्च संपता संपता घड्याळ खोटं बोलायला लागलं. सकाळी नऊची सावली फेब्रुवारीत पश्चिमेकडून चांगलीच वायव्येला झुकलेली असायची. एप्रिलमध्ये ती जवळजवळ थेट पश्चिमेला आली आणि मेमध्ये पश्चिम ओलांडून किंचित दक्षिणेला गेली. कोनमापक लावला तर फरक तीस अंशांहून जास्त. हा काही रेघ जाड पडल्याचा फरक नव्हे. गंमत म्हणजे भरदुपारची, सगळ्यात आखूड सावली मात्र आपल्या जागची हलली नव्हती. लांबी कमी होत गेली, दिशा तीच.

यावर तपास सुरू झाला. धाकट्याचा पहिला संशय कावळ्यावर. कावळा काठीवर बसतो म्हणजे काठी तोच फिरवतो. डब्याभोवती खडूने वर्तुळ आखून पाहिलं. डबा तसूभरही हलला नव्हता. थोरलीचा संशय भिंतीवरच्या घड्याळावर. मग आजोबांचं किल्लीचं मनगटी घड्याळ, माझा फोन आणि रेडिओवरच्या बातम्या अशी तिहेरी तपासणी झाली. सगळे एकमेकांशी सहमत, सावली एकटीच वेगळी. 'गच्चीच फिरत असेल' हाही मुद्दा आला. तसा तो अगदीच टाकाऊ नाही, गच्ची फिरतेच, पण त्या दिवशी मी गप्प राहिले. हाताची घडी, तोंडावर बोट, आणि तेही माझं. अनस्कूलिंगमध्ये, म्हणजे शाळेशिवाय मुलांच्या कुतूहलाने होणाऱ्या शिकण्यात, सगळ्यात जड काम हेच, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कारण माहीत असतं, जिभेवर आलेलं असतं, आणि आपण कपडे वाळत घालत राहतो. त्यात शेजारच्या काकूंनी कठड्यावरून वाकून 'अगं, सूर्याचं उत्तरायण असतं ना ते!' असं सांगून टाकलं. सुदैवाने थोरलीला त्यातून काही उलगडलं नाही.

स्ट्रूइंग म्हणून, म्हणजे मुलांच्या सहज हाती लागावं म्हणून, जे जे पसरलं ते सगळं वाया गेलं. टॉर्च आणि चेंडू ठेवला, त्याचं क्रिकेट झालं. सुटका झाली ती धाकट्याच्या दांडगाईमुळे. त्याने पृथ्वीचा गोल स्टँडवरून उपटून काढला आणि गच्चीवर नेला. स्टँडशिवाय गोल गडगडतो म्हणून थोरलीने तो लाडवाच्या डब्याच्या तोंडावर बसवला आणि 'आपण तर वरच उभे आहोत' म्हणून पुणं वर आणलं. उत्तर ध्रुवाचा खिळा उत्तरेकडे केला, हे तिला आमच्या दुपारच्या रेघेमुळे सहज जमलं. पुण्यावर मातीच्या गोळीत आगकाडी रोवली. आगकाडीची सावली अगदी आमच्या शंकूच्या दिशेला! आणि अमेरिका अंधारात. सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे न्यू जर्सीच्या मावशीकडे रात्रीचे साडेअकरा. 'मावशी झोपली असेल' हे गोल बघून कळतंय म्हटल्यावर धाकट्याने प्रत्येक ओळखीच्या माणसाला एकेक काडी लावली. नागपूरचा मामा, सांगलीची आत्या, आणि का कोण जाणे, अंटार्क्टिकावर दूधवाले काका.

स्टँडची चौकट ज्यांनी काढली नाही त्यांनी एकदा काढून बघा. स्टँडमधली पृथ्वी कायम साडेतेवीस अंश कलंडलेली असते आणि तो कल आपल्या गच्चीशी कसा जुळवायचा हे मुलांना कळत नाही. उघडा गोल, आपलं गाव वर, खिळा उत्तरेला, बस. ऊनच बाकीचं दाखवतं. हे जमल्यापासून दुकानातल्या महागड्या, दिवे लागणाऱ्या गोलांवरची माझी श्रद्धा उडाली आहे.

तर थोरली त्या खिळ्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, सगळं ह्याच्याभोवतीच फिरतंय. मग आपली काठी ह्याच्यासारखी का नाही?"

मी वाटीतल्या शेंगा सोलत राहिले, पण हात थरथरत होते हे कबूल.

तिने कोनमापक लावून खिळ्याचा जमिनीशी कोन मोजला. वीसच्या अलीकडे कुठेतरी आला. आजोबांनी नकाशाचं पुस्तक काढलं, पुण्याचा अक्षांश साडेअठरा. पुढचा अर्धा तास घरात जो आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. सायकलवाल्याकडून चाकाची जुनी तार फुकट मिळाली, ती साडेअठरा अंशांवर उत्तरेकडे वर उचलून पुठ्ठ्याच्या त्रिकोणाला चिकटवली. तेव्हापासून सकाळची सावली आपली रेघ सोडत नाही. मला पुढचे काही महिने बघायचं आहे, थोरलीला मुळीच शंका नाही.

दिशेबद्दल दोन शब्द, कारण गेल्या वेळी विचारणा झाली होती. फोनमधलं होकायंत्र गच्चीवर वापरू नका. टाकीचा सांगाडा, सळया, सगळं त्याला भुलवतं. शंकूभोवती वर्तुळ आखा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली. शुल्बसूत्रांच्या काळापासूनची ही रीत, आणि पाच वर्षांच्या मुलाला पहारा द्यायला लावण्याइतकी सोपी. ओळंबा मात्र बोहरी आळीत जाऊन पितळेचा घ्या. लोखंडी स्वस्त मिळतो, पण आमच्याकडे जो आला त्याचं टोक मध्यावर नव्हतं. आणि ऑनलाइन मिळणारं ते देखणं पितळी सूर्यघड्याळ कृपा करून मागवू नका. आम्हाला वाढदिवसाला कोणीतरी दिलं, त्याची पट्टी पन्नासेक अंशांवर उभी आहे. लंडनला चालेल. आपल्याकडे पेपरवेट.

आता नवी अडचण. आडव्या पाटावर तिरक्या तारेची सावली तासागणिक सारखी सरकत नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून तार जवळजवळ आडवी, म्हणून दुपारच्या आसपासच्या रेघा पाच-पाच अंशांवर दाटीने येतात आणि सकाळ-संध्याकाळच्या ऐसपैस पसरतात. सूर्याच्या दुपारपासून मोजलं तर पाच तासांच्या रेघेपासून सहा तासांच्या रेघेपर्यंत थेट चाळीस अंश. थोरलीला हा अन्याय वाटतो. तिने पुसून परत आखलं, परत तेच.

हे लिहिता लिहिताच सुचतंय की पाट टाकूनच द्यावा. जुनी सीडी तारेत ओवायची, तारेला काटकोनात. मग सावली दर तासाला बरोबर पंधरा अंश जाईल, कारण चोवीस भागांत पूर्ण फेरी. कागदाची गोल चकती तीनदा अर्धी आणि एकदा तिहेरी घडी घातली की चोवीस पाकळ्या पडतात, कोनमापकही नको. धाकटाही करू शकेल. सध्या सूर्य उत्तरेकडे आहे, त्यामुळे सीडीची उत्तरेची बाजू उजळेल, सप्टेंबरनंतर दक्षिणेची. दोन्ही बाजूंना आकडे लागतील. विषुवदिनाच्या आसपास ऊन कडेवर पडून सावलीच हरवेल, ते तेव्हा बघू. चकतीसाठी सनबोर्ड (फोमची हलकी पाटी) वापरायचा बेत मात्र रद्द, मेच्या उन्हात तो पापडासारखा वाकतो.

थोरलीला मी हे सांगणार नाही. सीडी आणि उरलेली तार जिन्यात ठेवून देते.

आणि ते उरलेलं अर्धं. तार बरोबर बसली तरी आमची दुपार बाराला होत नाही. याचा पहिला भाग थोरलीने दिनदर्शिकेवरूनच काढला. सूर्योदय आणि सूर्यास्ताचा मध्य काढला तर मेच्या मध्यावर मुंबईसाठी १२:३५ येतात, आमची रेघ १२:३१ म्हणते. चार मिनिटं कुठे गेली? मग नागपूरच्या मामाला व्हिडिओ कॉल. भर उन्हात त्याला गच्चीवर उभं केलं (मामीचे शब्द इथे लिहीत नाही). त्याची आखूड सावली १२:१० च्या सुमाराला, आमची एकवीस मिनिटांनंतर. पूर्वेला आधी, पश्चिमेला मागून. गोलावरच्या काड्यांनी ते लगेच पटलं. आजोबांनी मग मुंबई टाइमची गोष्ट सांगितली: १ जानेवारी १९०६ ला देशाची एकच वेळ ठरली, ८२.५ रेखांशाची, पण मुंबई हट्टाने १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ पाळत राहिली. झालं. रविवारी आमच्या घरात आता गच्ची टाइम चालतो, आणि पाहुण्यांना तो पाळावा लागतो. 'शाळेत कधी घालणार' विचारायला आलेले एक नातेवाईक त्यामुळे जेवणाला उशीर झाला म्हणून चिडले, त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण थोरलीच्या वहीत फेब्रुवारीतला फरक ४९ मिनिटांचा आहे, एप्रिलच्या मध्याला ३५ आणि मेमध्ये ३१. पुणं तर सरकलेलं नाही. काल रात्री तिने हे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून भोवती लाल चौकट केली आणि दिवा घालवायला नकार दिला. पृथ्वीची कक्षा लंबगोल, अक्ष कललेला, हे मला ठाऊक आहे; पण आठ वर्षांच्या मुलीच्या हाताला लागेल असं यात काय आहे ते सुचत नाही. डोक्यात एक आहे: खिडकीच्या काचेला काळा कागद, त्याला बारीक भोक, आणि रोज घड्याळाच्या साडेबाराला फरशीवर पडणाऱ्या कवडशावर एक ठिपका. वर्षभरात इंग्रजी आठसारखा आकार उमटायला हवा. पण दक्षिणेच्या खिडकीत मे ते जुलै भरदुपारी ऊन येतच नाही, सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे भोक गच्चीवरच्या पत्र्यात पाडावं लागेल, आणि पत्रा सोसायटीचा आहे.

शून्य सावलीचा दिवसही झाला, १३ मेच्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आला आणि पाण्याच्या बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली गेली, फोटो चांगले आलेत. दुसरा जुलैच्या शेवटी येतो, तेव्हा ढग असणार, त्याच्यासाठी कोणी सुट्टी काढू नये.

पाऊस लागायच्या आत मदत हवी आहे. रत्नागिरी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, गोंदिया, कुठूनही, एकाच दिवशी आखूड सावलीची वेळ मुलांनी नोंदवून कळवली तर थोरली नकाशावर टाचण्या लावणार आहे. वर्तुळाच्या रीतीनेच घ्या: दोन खुणांच्या वेळा लिहा आणि मध्य काढा, कारण आखूड सावली नुसत्या डोळ्यांनी पकडायला गेलं तर पाच-दहा मिनिटं सहज इकडची तिकडे होतात. येता रविवार ठरवूया का? गोंदियावाल्यांनी लवकर वर जा.