सेक्युलर विचक्राफ्ट, महिना पाचवा: फ्रीझरमधली चिठ्ठी

पाचवा महिना संपला, जादूच्या प्रयोगांच्या वहीत आता 31 नोंदी झाल्यात. या महिन्यात कमी आहेत कारण मधे एक आठवडा मी सगळं बंदच ठेवलं होतं, का ते खाली सांगतेच, आधी जे बरं चाललंय ते.

नवीन असाल तर पटकन सांगते, मी नास्तिक आहे. देव नाही, देवी नाही, ते 'युनिव्हर्स ऐकतं' वगैरे पण नाही. मेणबत्त्या, टॅरो (चित्रांचे पत्ते), सिजिल (इच्छेच्या वाक्यातून बनवलेलं चिन्ह) हे माझ्या डोक्यावर काम करतं म्हणून करते, जगावर करतं असं मला वाटत नाही. बाबा साताऱ्यातले, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) जुने कार्यकर्ते, शाळाशाळांमधून चमत्काराचे प्रयोग करायचे, जिभेवर जळता कापूर ठेवायचे, नारळातून आग काढायचे (आत पोटॅशियम परमँगनेट आणि वरून ग्लिसरीन, बास). आता मी इथे लीड्समधे बसून हे करते म्हटल्यावर फोनवर, "अगं आम्ही जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोंबललो ते तू हौस म्हणून करतेस?" म्हटलं बाबा तुम्ही पण कापूर खायचातच की. हसले. मग म्हणाले, "आम्ही शेवटी ट्रिक सांगायचो." ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तर सिजिल. पद्धत ऑस्टिन ऑस्मन स्पेअर नावाच्या लंडनच्या चित्रकाराची, तो 1956 मधे गेला, मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी काओस मॅजिकवाल्यांनी (ठरलेली श्रद्धा न धरता जे उपयोगी पडेल ते वापरणारे आधुनिक जादूवाले) ती उचलली आणि ते सगळं सुरू झालं याच वेस्ट यॉर्कशायरमधे. वाक्य लिहायचं, परत आलेली अक्षरं खोडायची, उरलेली एकमेकांत गुंतवून एक चिन्ह करायचं. इंग्रजीत सोपं आहे. पण माझ्या मनातली भीती इंग्रजीत नसतेच ना, म्हणून देवनागरीत करून बघतेय. 'मी शांतपणे बोलते' घेतलं, प्रेझेंटेशनच्या आधी. काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळं काढून टाकलं, दुसरा त खोडला, उरले म श त प ण ब ल. शिरोरेघ पण काढली, नाहीतर सगळं वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं. मग लक्षात आलं की ल सोडून सगळ्यांना उजवीकडे उभी दांडी आहेच, मग एकच दांडी आणि डावीकडे सगळ्यांची पोटं, आणि आपला पाकळीचा ल बिनदांडीचा, तो खाली बिल्ल्यासारखा लटकवला. फार गोड दिसतं. पंचवीस मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात प्रेझेंटेशनचं टेन्शन आलं नाही, माझ्यासाठी तीच जादू. स्पेअर म्हणतो नंतर चिन्ह विसरून जा, ते मला अजिबात जमत नाही.

टॅरो रोज रात्री एक पत्ता, 1909 चा जो डेक सगळ्यांकडे असतो तोच, पामेला कोलमन स्मिथच्या चित्रांचा. भविष्य नाही, डायरीला विषय म्हणून. सलग 19 दिवस झाले.

दृष्ट काढायचा प्रयोग फसला. आजीसारखं मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या, स्मोक अलार्म वाजला, खिडक्या उघडून टॉवेल हलवत बसले. ठसका लागला नाही तर जबर दृष्ट होती असं आजी म्हणायची, मला इतका लागला की माझ्यावर कोणाचीच नजर नाही हे सिद्ध झालं.

आता नोंद 27. वरच्या फ्लॅटमधला मुलगा रात्री अकरानंतर व्यायाम करतो आणि डंबेल जमिनीवर टाकतो, धाड् धाड्. मी फ्रीझर स्पेल केला, म्हणजे त्रास 'गोठवायला' कागदावर त्याचं नाव लिहून घडी घालून पाण्यात बुडवून फ्रीझरमधे, ओल्या खोबऱ्याच्या पाकिटामागे. वहीचे रकाने भरले: काय हवंय, कधीपर्यंत, काय झालं तर यश म्हणायचं. लिहिलं, 'दहा दिवसांत रात्रीचा आवाज बंद'. (तारीख घालत जा, तारीख नसलेली जादू कधी फेलच होत नाही.)

आठव्या दिवशी आवाज बंद. नवव्या दिवशी तो जिन्यात भेटला, मनगटाला प्लास्टर.

मी नास्तिक. मला माहितीये की ओल्या पानांवरून घसरून मनगट मोडतं, बर्फातल्या चिठ्ठीने नाही. तरी दोन रात्री झोप नाही. फ्रीझर उघडायची भीती, म्हणजे मटार काढायचे होते ते पण काढले नाहीत. वही आठवडाभर बंद ती यामुळे.

त्या आठवड्यात पेंडल टेकडीवर जाऊन आले, लँकशायरमधे, आधीच ठरलं होतं. धुकं होतं, काही दिसलं नाही, चिखल मात्र भरपूर. 1612 च्या मार्चमधे तिथल्या अ‍ॅलिझन डिव्हाइस नावाच्या मुलीने एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत, आणि थोड्या वेळात तो कोसळला, आजचे लोक म्हणतात पक्षाघात असावा. तिने चेटूक केल्याचा गुन्हा कबूल केला, आणि मला जे लागलं ते हे की ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच वाटत होतं आपणच केलं. त्या खटल्यांत लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिली, तारीख 20 ऑगस्ट. अंनिसच्या नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या ती पण 20 ऑगस्ट, 2013. योगायोग आहे, दुसरं काही नाही, पण घरी येऊन वहीत लिहिला. आणि म्हणूनच इकडचे लोक मजेत स्वतःला 'विच' म्हणवतात तसं मला 'चेटकीण' म्हणवत नाही, आपल्याकडे नंदुरबारकडे अजून बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या गोष्टी बाबांकडून ऐकलेल्या आहेत.

परत आल्यावर नोंद 27 नीट पाहिली. चौथा रकाना असतो, 'साधे प्रयत्न काय केले'. रिकामा. एकदाही वर जाऊन सांगितलं नव्हतं मी त्याला.

मग गेले, डब्यात पोहे घेऊन, आणि ट्रिक सांगितली, चिठ्ठीसकट. तो दोन सेकंद बघत राहिला आणि मग एवढा हसला की प्लास्टरचा हात धरून बसला. आवाज खाली येतो हे त्याला माहीतच नव्हतं. रबरी मॅट मागवली त्याने माझ्यासमोर. मग विचारलं, घरमालकावर करता येईल का. नाही म्हटलं.

तर वहीत बदल: दुसऱ्या माणसावर काहीही नाही, गंमत म्हणून सुद्धा नाही, आणि चौथा रकाना भरल्याशिवाय मेणबत्ती पेटवायची नाही. नोंद 27 पुढे यश की अपयश काहीच लिहिलं नाही, प्रश्नचिन्ह ठेवलंय. बर्फ सिंकमधे वितळवला, शाई आधीच पसरली होती, नाव वाचता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात 'प्रबंध पूर्ण करते' चं सिजिल करायचंय. यातल्या जोडाक्षरांचं तुम्ही काय करता? प्र आणि र्ण, दोन्हीकडे र आहे पण दिसायला एक खाली आणि एक वर, ही पुनरुक्ती धरायची का दोन वेगळी?