ज्युलिएट सूर्य, पण वेळ रात्रीची

परवा रात्री लाइट गेली म्हणून मोबाईलच्या टॉर्चवर शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटक परत वाचायला घेतलं, आणि कॉलेजात कधी डोक्यातच आलं नव्हतं की यात प्रेम म्हणजे सगळा उजेडाचाच खेळ आहे. मेजवानीत ज्युलिएटला पहिल्यांदा बघून रोमिओ म्हणतो, मशालींनी हिच्याकडून तेवायला शिकावं. बाल्कनीखाली तर ती डायरेक्ट सूर्यच होते, तेही रात्रीच्या अंधारात! (याच पठ्ठ्याला थोड्या वेळापूर्वी रोझलाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीशिवाय काही सुचत नव्हतं, ते सोडा.) ज्युलिएट मात्र जास्त शहाणी वाटते मला, म्हणते चंद्राची शपथ घेऊ नकोस, तो सारखा बदलतो, आणि आपलं हे सगळं विजेसारखं झालंय, चमकली म्हणेपर्यंत गायब. फ्रायर लॉरेन्स हा पाद्री तर त्यांचं लग्न लावायच्या आधीच आग आणि बंदुकीच्या दारूची उपमा देतो, भिडले की दोन्ही खलास.

पण माझा आवडता सीन तिसऱ्या अंकातला, पहाटेचा. बाहेर पक्षी ओरडतो, ती म्हणते बुलबुल आहे रे, अजून रात्र आहे, थांब ना, तो म्हणतो चंडोल आहे, उजाडलं. म्हणजे इतका वेळ ज्या उजेडाचं एवढं कौतुक तोच आता वैरी, कारण रोमिओला शहरातून हद्दपार केलंय, थांबला तर जीव जाणार. आणि शेवटी थडग्यात तिच्या रूपाने त्याला सगळीकडे लख्ख दिसतं, ओठांवर गालांवर लाली अजून आहे हे तो बघतो, बोलूनही दाखवतो, आणि तरी त्या येड्याला कळत नाही की ती औषध घेऊन नुसती झोपलीय, जिवंत आहे.