इनोव्हेशनचे पाच पॉइंट कुठे मिळतात आणि कुठे निसटतात

हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या लीड (LEED) या पद्धतीच्या एकूण ११० पॉइंटांपैकी इनोव्हेशन या गटाला मिळतात सहा. ४० ला सर्टिफाइड, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. या उतरंडीत सहा हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून बहुतेक चमू तो रकाना शेवटी भरायला ठेवतात. मग एखादा प्रकल्प ७७ वर अडकतो आणि सगळ्यांची नजर या रकान्याकडे वळते. तोवर काच बसलेली असते, नळजोडणी भिंतीत गेलेली असते, आणि हाती उरतात ते फक्त कागदावर करता येण्यासारखे उपाय.

इथे लिहितोय ते लीडच्या चौथ्या आवृत्तीबद्दल आणि तिच्या ४.१ या सुधारित रूपाबद्दल, तेही नव्या बांधकामापुरतं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत हा गट ‘प्रोजेक्ट प्रायॉरिटीज’ नावाच्या गटात गेला आहे. ब्रीॲम (BREEAM) या दुसऱ्या मानांकन पद्धतीची रचना वेगळी: तिथे इनोव्हेशनची जास्तीत जास्त १० क्रेडिट, प्रत्येकाचा एकूण टक्केवारीत १ टक्का. पद्धती वेगळ्या असल्या तरी पुरावा मागण्याची वृत्ती सगळीकडे सारखीच आहे.

सहापैकी एक पॉइंट चमूतल्या लीड एपीचा, म्हणजे लीडच्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाचा. उरलेले पाच तीन वाटांनी येतात. पहिली, लीडमध्ये कुठेच नसलेला स्वतःचा उपाय. दुसरी, पायलट क्रेडिट, म्हणजे चाचणीसाठी खुली ठेवलेली क्रेडिट (लीडमध्ये क्रेडिट म्हणजे पूर्ण केली की पॉइंट देणारी अट). तिसरी, ‘एक्झेम्प्लरी परफॉर्मन्स’, म्हणजे असलेल्या क्रेडिटची मर्यादा ओलांडून पुढे जाणं. पाचही हवे असतील तर किमान एक पायलट, किमान एक पहिल्या वाटेचा उपाय आणि एक्झेम्प्लरी जास्तीत जास्त दोन, असा नियम आहे. तो न वाचता चार एक्झेम्प्लरी गोळा करून बसलेल्या चमूचे दोन पॉइंट तिथेच वाया जातात. पाच हवेत तर सुरुवातीला सात उमेदवार यादीत ठेवावेत. दोन कुठेतरी गळतातच.

एक्झेम्प्लरी सगळ्यात सोपी वाटते, कारण हिशेब आधीच मांडलेला असतो. पण प्रत्येक क्रेडिटला ही सोय नाही. संदर्भपुस्तिकेत त्या क्रेडिटखाली एक्झेम्प्लरीचा उल्लेख असेल तरच ती मिळते. सर्वसाधारण रीत अशी की अट दुप्पट पूर्ण करा किंवा टक्केवारीची पुढची पायरी गाठा. इमारतीतल्या पाण्याच्या बचतीत पूर्ण सहा पॉइंट ५० टक्क्यांना मिळतात आणि एक्झेम्प्लरीसाठी ५५ टक्के लागतात. हे पाच टक्के किती महाग पडतात ते आकड्यांतच पाहू.

शंभर कर्मचाऱ्यांचं कार्यालय धरा, निम्म्या स्त्रिया, निम्मे पुरुष. ठरीव गृहीतकांप्रमाणे दिवसाला प्रत्येक स्त्रीचे तीन फ्लश, पुरुषाचा एक फ्लश आणि दोनदा युरिनल, आणि प्रत्येकाचं तीन वेळा अर्धा-अर्धा मिनिट हात धुणं. बेसलाइनला, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या मूळ पातळीला, फ्लश ६ लिटर, युरिनल ३.८ लिटर आणि सार्वजनिक वॉशबेसिनचा नळ मिनिटाला १.९ लिटर. बेरीज: फ्लश १,२०० लिटर, युरिनल ३८० लिटर, नळ २८५ लिटर, एकूण १,८६५. आता ४.५ आणि ३ लिटरचा ड्युअल फ्लश बसवा. स्त्रियांसाठी एक पूर्ण आणि दोन अर्धे, पुरुषांसाठी पूर्णच मोजायचा. झाले ७५० लिटर. अर्ध्या लिटरचे युरिनल ५० लिटर, १.३ लिटरचे नळ १९५ लिटर. एकूण ९९५, म्हणजे बचत सुमारे ४६.६ टक्के. नळ ०.९५ लिटरचे केले तरी ४९.५ टक्क्यांवरच थांबतो. युरिनल पूर्ण बिनपाण्याचे केले तर आणखी ५० लिटर वाचतात, म्हणजे पावणेतीन टक्के. तरीही ५५ येत नाहीत.

५५ टक्क्यांसाठी रोजचा वापर ८३९ लिटरपर्यंत उतरवावा लागतो. १.३ लिटरचे नळ तसेच ठेवले तर ९९५ मधून १५६ लिटर कमी व्हायला हवेत. फ्लश आणि युरिनल मिळून ८०० लिटर जातात; त्यातलं साधारण २० टक्के पाणी पावसाच्या साठ्यातून किंवा हात धुतलेल्या पाण्यावर प्रक्रिया करून दिलं की काम भागतं. म्हणजे शेवटची मजल नळाच्या जाळीवर ठरत नाही, फ्लशची पाइपलाइन वेगळी काढली आहे का यावर ठरते, आणि तो निर्णय प्लंबिंगचे नकाशे निघायच्या आधीचा. हात धुण्याचं पाणी दिवसाला १९५ लिटरच निघतं. गळती आणि गाळणीतली घट धरली तर १५६ लिटर जेमतेम जुळतात. म्हणून पावसाच्या पाण्याची जोड असलेली बरी, मात्र तिचा हिशेब महिन्यागणिक मांडावा. वर्षाची एकच सरासरी दिली तर कोरड्या महिन्यांत टाकी रिकामी असल्याचं रिव्ह्यूअरच्या लगेच लक्षात येतं. आणखी एक अडचण कागदावर दिसत नाही: फ्लशचं पाणी कमी केलं आणि आडवी सांडपाण्याची नळी लांब व कमी उताराची असली तर मैला मध्येच थांबतो, लोक दोनदा फ्लश करतात आणि बचत तिथेच संपते.

स्वतःचा उपाय मांडताना चार गोष्टी लिहाव्या लागतात: हेतू, पूर्ततेची अट, पुराव्याची कागदपत्रं, आणि ती अट गाठायला प्रकल्पाने प्रत्यक्ष काय केलं. थोडक्यात, तुम्हीच एक नवं क्रेडिट लिहायचं आणि तुम्हीच ते मिळवायचं. बहुतेक मसुद्यांत चौथा भाग दोन पानांचा आणि दुसरा गायब असतो. ‘इमारतीत कंपोस्ट यंत्र बसवलं’ ही अट झाली नाही. ‘स्वयंपाकघरातून निघणाऱ्या ओल्या कचऱ्यापैकी वजनाने किमान ९० टक्के आवारातच जिरवायचा आणि त्याची रोज वजननोंद ठेवायची’ ही अट झाली. दुसरा कोणी ती वाचून आपल्या इमारतीत पाळू शकेल का, हे तपासून पाहावं.

नकार येतो तो ठरावीक कारणांनी. उपाय आधीच दुसऱ्या क्रेडिटमध्ये मोडतो. सौर पॅनेल कितीही लावले तरी ते ऊर्जेच्या क्रेडिटचंच काम. उपाय इमारतीच्या एका कोपऱ्यापुरता आहे. एका सभागृहातला पुनर्वापराचा गालिचा पुरत नाही. कायद्याने करावंच लागतं ते इनोव्हेशन म्हणून दाखवलंय. किंवा फायदा मोजलेलाच नाही. दुसऱ्या प्रकल्पाला एखादा उपाय मान्य झाला होता, एवढ्यावर तो तुम्हाला मान्य होत नाही. तुमचा पुरावा वेगळा तपासला जातो. खरोखरच शंका असेल तर क्रेडिटच्या अर्थनिर्णयासाठी शुल्क भरून आधीच विचारणा करता येते. उत्तर अनुकूल आलं तरी पॉइंट हातात पडत नाही, पण चुकीच्या दिशेला खर्च होत नाही.

कोरी पाटी नको असेल तर तयार उपायांची यादी आहे. हरित इमारतीचं शिक्षण हा त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त ढिसाळ कागदपत्रांचा. इमारतभर माहितीफलक, इतर प्रकल्पांना उपयोगी पडेल अशी पुस्तिका किंवा अभ्यासवृत्त, आणि मार्गदर्शित फेरी किंवा लोकांपर्यंत जाणारा कार्यक्रम, अशांपैकी किमान दोन लागतात. दोन्ही फलकच असले तर ते एकच धरलं जातं. लॉबीतल्या पडद्यावर फिरणारी चित्रफीत आणि प्रवेशद्वारावरचं बोधचिन्ह म्हणजे शिक्षण नव्हे. फलक कुठे लागणार याचा मजलानिहाय नकाशा, प्रत्येकावरचा मजकूर आणि फेरीचं वेळापत्रक जोडलं की प्रश्न सहसा उरत नाही.

कमी पाऱ्याच्या दिव्यांचा उपाय आता जवळपास फुकटात पडतो, कारण एलईडीत पारा नसतो. जिथे जुन्या ट्यूब राहणार आहेत तिथे हिशेब लागतो. मर्यादा ल्यूमेन-तासाला (दिव्याचे ल्यूमेन, म्हणजे प्रकाश, गुणिले आयुष्याचे तास) सरासरी ३५ पिकोग्रॅम. १.७ मिलिग्रॅम पारा, २,८०० ल्यूमेन आणि २४,००० तास आयुष्य असलेली ट्यूब सुमारे २५ वर येते. तीच ट्यूब ३.५ मिलिग्रॅमची असली तर ५२ वर जाते. सरासरी काढताना सगळ्या दिव्यांचा एकूण पारा भागिले एकूण ल्यूमेन-तास असं करायचं. प्रत्येक प्रकाराचा आकडा काढून त्यांची सरासरी घेतली की उत्तर चुकतं.

माणसं जिना वापरतील अशी रचना करण्याच्या उपायात प्रवेशाच्या मजल्यापासून कामाच्या मजल्यांपर्यंत जाणारा एक मुख्य जिना लागतो, शिवाय दृश्यता, प्रकाश, काच, लिफ्टजवळची सूचना अशा यादीतल्या किमान सात गोष्टी. इथे घात करते ती अग्निसुरक्षा आणि सुरक्षारक्षक यांची जोडगोळी. जिन्याचं अग्निरोधक दार बंद राहिलं पाहिजे, आणि चोरीच्या भीतीने ते आतून उघडतही नाही. मग जिना कितीही देखणा असो, कोणी वापरणार नाही. धोक्याच्या घंटेला जोडलेले चुंबकी पकड असलेले दरवाजे आणि मजल्यावर परत येऊ देणारी कुलूपव्यवस्था आराखड्यातच दाखवा.

पायलट क्रेडिटसाठी आधी नोंदणी, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. दोन्ही पाच-दहा मिनिटांची कामं, तरी हीच राहून जातात. पायलट बंदही होतात, म्हणून आवडलेल्या क्रेडिटची नोंदणी लगेच करावी.

पक्ष्यांची काचेला होणारी धडक टाळण्याचं पायलट माझ्या मते सगळ्यात शिकवणारं आहे. त्याच्या मूळ पद्धतीत प्रत्येक सामग्रीला धोक्याचा आकडा आहे: साधी काच १००, अपारदर्शक भिंत ०. खालचे मजले आणि हिरव्या छताला लागून असलेला मजला हा पहिला पट्टा, बाकी दुसरा. दोन्ही पट्ट्यांचा क्षेत्रफळानुसार भारित आकडा काढायचा, पहिल्याची दुप्पट करून त्यात दुसरा मिळवायचा आणि तीनने भागायचं. उत्तर १५ किंवा कमी हवं. समजा पहिला पट्टा ३०० चौरस मीटरचा, त्यात १२० काच: आकडा ४०. दुसरा ६०० चौरस मीटरचा, त्यात ९० काच: आकडा १५. इमारतीचा आकडा ३१.७. आता फक्त खालच्या काचेवर नक्षी देऊन तिचा आकडा २५ वर आणला तर पहिला पट्टा १० होतो आणि इमारत ११.७ वर येते. वरच्या काचेला हातही लावावा लागत नाही. नक्षी मात्र काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर हवी. आतल्या बाजूला लावलेली फिल्म आकाशाच्या प्रतिबिंबाखाली झाकली जाते, पक्ष्याला दिसत नाही. याखेरीज मध्यरात्र ते पहाटे सहापर्यंत आतले दिवे मालवण्याची व्यवस्था आणि तीन वर्षांची पाहणीयोजना लागते. ती पाहणी कोण करणार, हे इमारतीच्या देखभाल कंत्राटात लिहून ठेवलेलं बरं.

लीड एपीचा पॉइंट सोपा, तरी तोही जातो. त्या व्यक्तीकडे प्रकल्पाला लागू पडणारं विशेषीकरण हवं, आणि चमूत तिची मुख्य भूमिका असावी. ग्रीन असोसिएट ही एपीच्या खालची पायरी चालत नाही. विशेषीकरण नसलेला जुना एपीही नाही. परवाना टिकवायला दर दोन वर्षांत ३० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. कागदपत्रं भरायच्या आठवड्यात मुदत संपली असेल तर पॉइंट अडकतो, म्हणून मुदतीची तारीख प्रकल्पाच्या वेळापत्रकात टाका आणि चमूत शक्यतो दोन एपी ठेवा. त्यांपैकी एकाने नोकरी बदलली तरी पॉइंटला धक्का लागत नाही.