खाऱ्या हवेची वजावट

जुन्या हेडफोनचा फोटो पाठवून ‘कितीला घेऊ?’ असं विचारणारी मंडळी पहिल्यांदा त्याचं वय सांगतात. किती वर्षं वापरलाय, बिल आहे, खोकाही आहे. माझा पहिला प्रश्न असतो, तो राहत कुठे होता? पुण्यात पाच वर्षं पंख्याखाली पडलेला हेडफोन आणि मालवणात समुद्राकडच्या खोलीत दोन पावसाळे काढलेला हेडफोन समोर ठेवले, तर मी मुकाट्याने पुण्याचा उचलेन. हे रत्नागिरीत बसून लिहितोय, म्हणजे घरभेदीपणाच झाला. पण इलाज नाही.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा समुद्र हवेतून हजेरी लावत असतो. जुलैत मीठ बरणीतच पाझरतं. पुस्तकांचे पुठ्ठे वाकतात. ठेवणीतले बूट लग्नासाठी काढावेत, तर मांडवात पोचेपर्यंत एकाचा तळवा रस्त्यात राहिलेला असतो. त्या तळव्यात आणि हेडफोनच्या रेक्झिनच्या गादीत बहुतेक वेळा एकच पदार्थ असतो, पॉलियुरेथेन. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. तुम्ही वस्तू वापरा नाहीतर गुंडाळून ठेवा, त्याचं काम चालूच. म्हणून ‘अहो, वापरलाच नाही, कपाटातच होता’ हे वाक्य घाटावर कौतुकाने ऐकावं, इथे ऐकलं की सावध व्हावं. असला कपाटातला नवाकोरा हेडफोन डोक्यावर चढवून उतरवला की कानाभोवती काळ्या खपल्यांची रांगोळी. माझ्या कानाभोवती ती पाहून बायकोने एकदा त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला काढली होती. खऱ्या चामड्याची गादी असेल तर खपल्या निघत नाहीत, तिच्यावर बुरशी येते. आवडेल ते निवडा.

तरी गादी बदलता येते, एवढं बरं. खारी हवा जिथे शिरते ते दिसतही नाही. मासळी घेताना कल्ले उचलून बघतो, तशी हेडफोनची गादी काढूनच बघावी. आत ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागावर, स्पंजची पातळ चकती असते. बोट लावल्यावर तिची भुकटी झाली तर समजावं. जाळीच्या कडेला, स्क्रूच्या डोक्यावर तांबूस ठिपके आहेत का बघावं. केबलचं वेष्टन पारदर्शक असेल तर काम आणखी सोपं: आतली तांब्याची तार प्लगच्या बाजूने हिरवी पडत आलेली असते. मी पाहिलेल्या एका केबलचा हिरवा रंग प्लगपासून वीतभर वर चढला होता आणि मालक सांगत होता, ‘ही त्यांची स्पेशल केबल आहे.’

आता भावाचं. बहुतेकांचा हिशेब बिलापासून सुरू होतो आणि तिथेच चुकतो. घेतला चाळीस हजारांना, मग तीस तरी यायलाच हवेत. पण बिलावरचा आकडा हा घेणाऱ्याच्या हौसेचा इतिहास आहे; आजचा भाव आज नवा कितीला मिळतो यावर ठरतो. हायफायमॅन कंपनीचा सुंदारा हा हेडफोन आला तेव्हा ४९९ डॉलरचा होता. पुढे कंपनीनेच तो ३४९ वर आणला, मग २९९ वर. पहिल्या दराने घेतलेल्या माणसाच्या हातात आज जपून ठेवलेलं बिल आहे, आणि त्या बिलाने फक्त त्यालाच वाईट वाटतं. सेन्हायझरच्या एचडी ६५० चं तर आणखी मजेशीर झालं. ५०० डॉलरच्या आसपासचा हेडफोन. २०१६ मध्ये मासड्रॉप या ऑनलाइन दुकानाने जवळजवळ तोच हेडफोन एचडी ६एक्सएक्स या नावाने २०० डॉलरला विकायला काढला. ज्यांच्या कपाटात जुना ६५० होता, त्यांचा माल त्या दिवशी न वापरता जुना झाला. नवा २०० ला मिळत असताना वापरलेल्याचे ३०० कोण देणार?

माझं गणित साधं आहे. मॉडेल अजून बाजारात असेल आणि तब्येत ठीक असेल, तर आजच्या नव्या भावाचे दोन तृतीयांश. त्यातून नव्या गाद्यांचे पैसे वजा, कारण आमच्याकडे त्या बदलाव्याच लागतात. केबल खराब असेल तर तिचे वजा. मग उरलेल्यातून थोडी खाऱ्या हवेची वजावट, जी कुठल्याच बिलात नसते आणि जिच्यावरून खरी घासाघीस होते. खोक्याचे मी वेगळे पैसे देत नाही. लोकांचा खोक्यावर फार जीव असतो. बॅटरीच्या, ब्लूटूथवाल्या महागड्या हेडफोनला हे गणित लावूच नये. त्यातली बॅटरी रोज थोडी मरत असते, त्याचा भाव तिसऱ्या वर्षी निम्म्याहून खाली धरावा आणि तरीही विचार करावा.

आणि स्टॅक्स या जपानी कंपनीच्या हेडफोनच्या वाटेला जाऊ नये, निदान समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी तरी. ते इलेक्ट्रोस्टॅटिक. केसाहून कितीतरी पातळ पडदा, त्याच्यावर ५८० व्होल्टचा दाब, आणि सगळा खेळ त्या पडद्यावर विद्युतभार टिकून राहण्याचा. दमट हवेत भार गळतो, एक बाजू हळू बोलू लागते. आवाज काय सुंदर असतो म्हणून सांगू! ऐकायला पुण्याला जावं.

याउलट इथे टिकायला म्हणूनच बनवल्यासारखा वाटतो तो सेन्हायझरचाच एचडी ६००. १९९७ मध्ये आला, अजून बनतोय. गादी मखमली, हाताने ओढली की निघते. जाळी निघते, केबल निघते, डोक्यावरची पट्टी निघते, प्रत्येक भाग सुटा मिळतो. त्याचं वय विचारण्यात अर्थच नाही. कुठला भाग कधी बदलला ते विचारावं. गादी चेपलेली असेल तर ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो, तेवढं लक्षात ठेवायचं. शिवाय तो ३०० ओहमचा, म्हणजे वाजायला जोर मागणारा. मोबाइलला लावला की बिचारा कुजबुजतो, आणि पुष्कळ मालक ‘याचा आवाज गेला’ म्हणून तो विकायला काढतात.

कुडाळच्या एका गृहस्थांनी असाच काढला होता. मात्र त्यांची तक्रार वेगळी होती: डाव्या कानात घरघर. ‘डावो फुटलो’, असं त्यांनी फोनवरच सांगून टाकलं आणि सहा हजार मागितले. माणूस सरळ. मी गेलो, बरोबरचा छोटा अॅम्प्लिफायर लावला. आधी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच येणाऱ्या, रेकॉर्डिंगमधला एकटा आवाज ऐकला. तो कपाळाच्या बरोबर मध्ये बसला, म्हणजे दोन्ही बाजू समान बोलत होत्या. मग २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढत जाणारा सूर सोडला. खालच्या पट्टीत डावीकडे घरघर आली, वर गेल्यावर नाहीशी झाली. फुटलेला ड्रायव्हर इतका शिस्तीत वागत नाही. तो केस होता. डोक्याचा केस गादीतून आत घुसून पडद्याला टेकतो आणि पडदा हलला की वाजतो. या घराण्याच्या हेडफोनचं हे जुनं दुखणं.

इथे एक मिनिट मी गप्प होतो, हे सांगितलं पाहिजे. सहा हजार काढून द्यायचे, चहा घ्यायचा आणि निघायचं, एवढंच करायचं होतं. तसं करणारे मला ठाऊक आहेत, त्यांना जाणकार म्हणतात. मालकाने स्वतः सांगितलेली किंमत, त्यात फसवणूक कसली, असंही म्हणता येतं. पण मला ते पटत नाही. भाव वस्तूचा ठरतो, आणि वस्तू फुटलेली नव्हती. समोरच्याला जे माहीत नाही त्याचे पैसे आपण कापायचे, हे घासाघिशीत बसत नाही. शिवाय कुडाळ काही फार लांब नाही.

‘चिमटा आहे का घरात?’ मी विचारलं. त्यांच्या मुलीने भुवयांचा आणून दिला. गादी काढली, स्पंजची चकती उचलली, आणि बॅटरीच्या उजेडात तो दिसला: जेमतेम पेरभर, टोकाला पांढरा. काढला, परत सूर सोडला. स्वच्छ. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटले, पुष्कळ वेळ ऐकत राहिले.

‘आता सोळा हजार,’ ते म्हणाले.

‘अहो, मघाशी सहा होते!’

‘तेव्हा तो फुटलेलो होतो. आता बरो झालो मा?’

माझ्या गणिताने चौदा होत होते. मी गाद्या दाखवल्या, जाळीच्या कडेचे तांबूस ठिपके दाखवले, समुद्र किती जवळ आहे ते खिडकीतून दाखवायला गेलो तर म्हणाले, ‘समुद्र वेंगुर्ल्याक. हयसर नाय.’ ते बरोबरच होतं. वजावट निम्मी केली, पंधरावर आलो. मग म्हटलं, दुरुस्तीची मजुरी तरी धरा.

‘केस तुमी काढलात,’ ते म्हणाले, ‘पण केस माझोच मा?’

शेवटी साडेचौदा हजार आणि कोकमाच्या आगळाची एक बाटली, यावर जमलं. खोका त्यांनी दिला नाही. त्याचे वेगळे पाचशे सांगत होते.