सोमवारचा वॉर्ड

मामांना आज डिस्चार्ज मिळाला. महापालिकेच्या हॉस्पिटलात मेडिसिनच्या प्रत्येक युनिटचा इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी तातडीने भरती होणारे मेडिसिनचे पेशंट त्याच युनिटच्या वॉर्डात येतात, त्यांना खाटा लागतात. मामांच्या युनिटचा मंगळवार. म्हणून सोमवारच्या राउंडला प्रत्येक खाटेपाशी एकच हिशोब: याला आज घरी सोडता येईल का? ताप उतरलाय, सलाईन बंद, गोळ्या तोंडाने चालू, झालं, कार्ड लिहायला घ्या.

जे अडकतात ते नेहमी आजारामुळेच असंही नाही. कुणाचा एमआरआय बाकी, कुणाला न्यायला माणूस नाही. शेजारचे आजोबा सकाळपासून चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मुलगा महाडहून निघालाय म्हणे.

आमच्या पिशव्या उचलेपर्यंत जमिनीवरच्या गादीवरचा पेशंट मामांच्या खाटेवर आलासुद्धा. मानलं सिस्टरना! "उद्या रात्री बघा, मधल्या वाटेतही गाद्या पडतील," त्या सहज म्हणाल्या. आता गुरुवारी ओपीडी.